भूकंपाचे चलचित्र आणि भूकंपाची नोंद

भूकंप शिकवायचा तर मुलांना भूपट्ट हलताना दाखवा, हे मत आज इतके रुळले आहे की त्याला कुणी मत म्हणतच नाही. शिक्षकांच्या प्रशिक्षण वर्गांत तेच सांगितले जाते, शाळेला स्मार्ट बोर्ड विकायला येणारा माणूस पहिल्यांदा तेच लावून दाखवतो आणि पालकही ते पाहून खूश होतात. पडद्यावर नारिंगी रसावर तरंगणारे खडकाचे तुकडे असतात. बोट लावले की ते सरकतात, आदळतात, मध्ये डोंगर उठतो. दुसरे बटण दाबले की एक दुमजली घर गदगदा हलते. वर्गात टाळ्या पडतात आणि धडा झाला असे समजून पुढचा धडा उघडला जातो.

या समजुतीला माझा विरोध आहे. साधन डिजिटल आहे म्हणून विरोध नाही. उलट भूकंपविज्ञानाइतका संगणकाचा उपयोग शाळेतल्या दुसऱ्या कुठल्याही विषयाला होणार नाही, असे माझे ठाम मत आहे. विरोध आहे तो साधनांच्या एका जातीला आणि ती जात म्हणजेच सारे काही असे मानण्याला. चलचित्र मुलाला भूकंपाविषयीचे तयार उत्तर देते. ते उत्तर कशावरून काढले, हे मात्र त्यात कुठेच नसते. महाराष्ट्रातल्या मुलाला तर हे उत्तर चक्क चुकीच्या जागी नेऊन सोडते.

आधी समोरच्या बाजूचे म्हणणे नीट मांडायला हवे, कारण ते पोकळ नाही. भूपट्टांची हालचाल डोळ्यांना दिसत नाही. भारतीय पट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. त्याचा परिणाम दिसायला लाखो वर्षे लागतात, आणि जे घडते ते जमिनीखाली, अंधारात घडते. अशी गोष्ट शब्दांत सांगून मुलाला कळणार नाही. काळ आवळून, जमीन कापून, आतले उघडे करून दाखवले तरच कळेल. शिवाय साधन हाताळता येत असेल तर मूल नुसता प्रेक्षक राहत नाही, करणारा होतो. भूगोलाचा पाठ्यपुस्तकातला एकच एक काळा-पांढरा छेद पाहून शिकलेल्या आमच्या पिढीला यातले मोल पटायला वेळ लागत नाही. हे सारे मान्य. पण यातून चलचित्र पाहिले की भूकंप समजला, असे अनुमान काढले जाते, आणि तेच टिकत नाही.

पहिली अडचण चित्राच्या खरेपणाचीच आहे. बहुतेक चलचित्रांत पट्टांच्या खाली नारिंगी, वाहता रस दाखवतात. मुलाच्या डोक्यात त्यातून पक्के बसते की आपण एका उकळत्या समुद्रावर तरंगणाऱ्या पातळ कवचावर उभे आहोत आणि ज्वालामुखी म्हणजे त्या समुद्राला पडलेले भोक. हे खोटे आहे. पट्टांखालचे प्रावरण घन खडकाचे आहे. प्रचंड उष्णता आणि दाबाखाली ते अतिशय मंद गतीने वाहते, पण ते द्रव नाही. याचा पुरावा भूकंपच देतात. भूकंपातून निघणाऱ्या दुय्यम लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत, आणि त्या प्रावरणातून खुशाल आरपार जातात. पृथ्वीच्या बाह्य गाभ्यापाशी मात्र त्या अडतात, म्हणून तो द्रव आहे हे कळले. म्हणजे ज्या भूकंपाच्या अभ्यासाने प्रावरण घन आहे हे माणसाला सांगितले, त्याच भूकंपाच्या धड्यात आपण मुलांना प्रावरण पातळ दाखवतो.

दुसरे नेहमीचे दृश्य म्हणजे प्रावरणात गोल गोल फिरणारे बाण आणि त्यांच्या पाठीवर बसून पुढे जाणारे पट्ट. डोनाल्ड फोर्सिथ आणि सेया उयेदा यांनी १९७५ मध्ये पट्टांवर काम करणाऱ्या बलांची तुलना केली. महासागरी पट्टाचा थंड, जड झालेला भाग दुसऱ्या पट्टाखाली बुडताना मागच्या सगळ्या पट्टाला ओढून नेतो, आणि हीच ओढ सर्वांत प्रबळ आहे, असा निष्कर्ष त्यातून निघाला. त्यानंतरच्या अभ्यासांतही या ओढीला मोठे स्थान मिळाले आहे. चलचित्रांतले गोल बाण मात्र अजून तसेच फिरत आहेत.

चुका दुरुस्त करता येतील, अधिक अचूक चलचित्र काढता येईल, असे कुणी म्हणेल. जरूर काढावे. पण त्याने मूळ दोष जात नाही. बार्बरा ट्व्हर्स्की, ज्यूली मॉरिसन आणि मिरेय बेत्रांकूर यांनी २००२ मध्ये चलचित्राने शिकणे सुलभ होते का, या प्रश्नावरचे तोवरचे प्रयोग तपासले. स्थिर चित्रांपेक्षा चलचित्र सरस ठरते याला भक्कम आधार त्यांना मिळाला नाही. जिथे ते सरस वाटले तिथे बहुधा चलचित्रात अधिक माहिती घातलेली होती किंवा ते हाताळण्याची सोय होती. हलणारे दृश्य भरभर निघून जाते, कुठे बघायचे ते कळायच्या आत संपते, आणि तरीही पाहणाऱ्याला सारे कळल्यासारखे वाटते. हे 'कळल्यासारखे वाटणे' शिक्षकाला सर्वांत महागात पडते, कारण ज्याला कळले आहे असे वाटते तो प्रश्न विचारत नाही.

आता महाराष्ट्राकडे येऊ. माझ्या लेखी खंडनाचे मुख्य कलम हेच आहे.

पट्ट एकमेकांवर आदळतात, घासतात किंवा दूर जातात तिथे भूकंप होतात, हे वाक्य प्रत्येक चलचित्राच्या शेवटी येते. जगातल्या बहुतांश भूकंपांसाठी ते बरोबरच आहे. आता लातूर किंवा पाटणचा विद्यार्थी ते शिकून नकाशा पाहतो. भारतीय पट्टाची जवळची मोठी कड म्हणजे हिमालय, आणि तो त्याच्या गावापासून हजार किलोमीटरहून दूर. म्हणजे आपण मधोमध, निर्धोक. चलचित्रातून निघणारा हा सरळ, तर्कशुद्ध निष्कर्ष आहे आणि तो जीवघेणा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीला ६.२ महत्तेचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणेश विसर्जन झालेले, गावे दमून झोपलेली. मृतांचा आकडा वेगवेगळ्या नोंदींत आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितला जातो. तेव्हा लागू असलेल्या भारतीय मानकाच्या भूकंपप्रवण नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या वर्गात होता.

त्याआधी ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरने हाच धडा दिला होता. ६.३ महत्तेच्या त्या भूकंपात सुमारे दोनशे माणसे गेली. दख्खनचे पठार स्थिर, अढळ, ही तोवरची विद्वानांचीही धारणा होती. कोयनेनंतर १९७० मध्ये मानक सुधारले आणि नकाशातला 'शून्य' धोक्याचा वर्ग काढून टाकला. किल्लारी आणि भूज यांच्यानंतर, २००२ मध्ये, पहिला वर्गही गेला. दर वेळी नकाशा माणसे मेल्यावर बदलला. तेव्हा 'पट्टाच्या मध्यावर भूकंप होत नाहीत' ही समजूत केवळ शालेय चूक म्हणून सोडून देता येत नाही. तज्ज्ञांनी ती टाकून अर्धे शतक होऊन गेले आणि आता आपण ती रंगीत करून नव्या पिढीला पुन्हा देत आहोत.

भूपट्ट सिद्धान्त अर्थातच इथे खोटा ठरत नाही. भारतीय पट्ट हिमालयापाशी अडतो, पण मागचा रेटा थांबत नाही. तो ताण पट्टाच्या पोटात दूरवर पसरतो आणि जिथे जुनी भेग, जुने कच्चे सांधे आहेत तिथे कधीतरी सुटतो. कोयनेत या ताणलेल्या खडकाला आणखी एक निमित्त मिळाले. कोयना धरणाचा जलाशय, शिवाजीसागर, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला भरू लागला, त्याचे पाणी भेगांतून खोल झिरपले आणि तिथला दाब बदलला. धरणाने ताण निर्माण केला नाही, तयार असलेल्या ताणाला वाट दिली. असे बारकावे दोन पट्टांची टक्कर दाखवणाऱ्या साठ सेकंदांच्या दृश्यात बसत नाहीत. गदगदा हलणाऱ्या त्या घराचेही तसेच. किल्लारीत माणसे ज्याखाली चिरडली ती दगड-मातीच्या जाड भिंतींची आणि वर मातीचे जड माळवद असलेली घरे होती. घर कशाचे आहे हे विचारणारे एकही बटण मी अशा साधनात पाहिलेले नाही.

मग शिकवायचे कसे? त्यासाठी हे ज्ञान माणसाला मिळाले कसे, ते पाहावे.

भूपट्टांची हालचाल कुणी डोळ्यांनी पाहून सिद्ध केली नाही. ती सिद्ध होण्यात नकाशावरच्या ठिपक्यांचा मोठा वाटा होता. १९५२च्या सुमारास न्यूयॉर्कजवळच्या लॅमॉन्ट वेधशाळेत मेरी थार्प अटलांटिकच्या तळाच्या खोलीचे आकडे कागदावर उतरवत होती. मध्य-अटलांटिक पर्वतरांगेच्या माथ्यावर तिला एक दरी सलग दिसली. तिचा सहकारी ब्रूस हीझन याने प्रथम ते उडवून लावले. त्याच खोलीत हॉवर्ड फॉस्टर नावाचा चित्रकार समुद्रातील भूकंपांची केंद्रे त्याच प्रमाणाच्या नकाशावर मांडत होता. खालून उजेड पडणाऱ्या टेबलावर दोन्ही कागद एकावर एक ठेवले तेव्हा भूकंपांचे ठिपके त्या दरीच्या आत बरोबर रांगेने बसलेले दिसले. समुद्राचा तळ फाटत आहे हे त्या दोन कागदांनी सांगितले.

पुढे १९६०च्या दशकात, भूमिगत अणुचाचण्या ओळखता याव्यात म्हणून, अमेरिकेने जगभर एकसारख्या भूकंपमापकांचे जाळे उभारले. पुण्याचे वेधकेंद्र त्या जाळ्यात होते; दिल्ली, शिलाँग आणि कोडाईकॅनाल हीही. या जाळ्यामुळे भूकंपकेंद्रे पूर्वी कधी नव्हती इतक्या अचूकपणे ठरवता येऊ लागली. १९६१ ते १९६७ या काळातली सुमारे २९ हजार केंद्रे मुआविया बराझांगी आणि जेम्स डॉर्मन यांनी १९६९ मध्ये जगाच्या नकाशावर मांडली. पट्टांच्या कडा त्या नकाशावर आपसूक उमटल्या. कुणी बाण काढले नव्हते, कुणी रंग भरले नव्हते. पुण्याच्या यंत्राच्या नोंदी ज्या जाळ्याचा भाग होत्या, त्या जाळ्यातून हे चित्र निघाले, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या किती वर्गांत सांगितली जाते?

ज्याला मी चांगले डिजिटल साधन म्हणतो ते मुलाला या टेबलाशी नेऊन बसवते. अशी साधने आहेत आणि बरीचशी फुकट आहेत. अमेरिकेच्या आयरिस या संस्थेने, जी २०२३ पासून अर्थस्कोप या नावाने काम करते, एक भूकंप-ब्राउझर तयार केला. नकाशावर चौकट आखायची, काळ, महत्ता आणि खोली निवडायची, आणि त्या चौकटीतले खरे भूकंप समोर येतात. हवे तर ते तिन्ही मितींत फिरवून पाहता येतात. काँकॉर्ड कन्सॉर्शियमच्या सिस्मिक एक्स्प्लोरर या साधनात नकाशावर आडवी रेघ मारली की त्या रेघेखालचा छेद मिळतो. जपानवरून रेघ मारा. समुद्राकडे उथळ, जमिनीकडे खोल खोल जाणारी ठिपक्यांची तिरकी ओळ दिसते. हा बुडणारा पट्ट. कियो वादाती यांनी जपानमधल्या खोल भूकंपांच्या अभ्यासातून हा उतार १९३०च्या दशकात ओळखला, तेव्हा त्यांच्याकडे यातले काही नव्हते. मग हिंदुकुशवर रेघ मारा. तिथे दोनशे किलोमीटर खोलीवरचे ठिपके दिसतात, आणि तिथे झालेला भूकंप दिल्लीतले पंखे का हलवतो याचा शोध मूल स्वतः घेऊ लागते.

एक उदाहरण मी जरा सविस्तर देतो, कारण मतभेदाचे मूळ इथे उघडे पडते. भूकंपाचे अपिकेंद्र कसे ठरवतात, हे चलचित्रात तीन वर्तुळे एका बिंदूत मिळताना दाखवून सांगतात. मूल मान डोलावते. त्याऐवजी मुलाच्या हातात तीन भूकंपालेख द्या. प्राथमिक लहर आधी येते, दुय्यम मागून. भूकवचात प्राथमिक लहर ढोबळ मानाने सेकंदाला ६ किलोमीटर जाते आणि दुय्यम ३.५. म्हणजे दोघींच्या येण्यात जितके सेकंद अंतर, त्याला ८.४ ने गुणले की केंद्र किती किलोमीटरवर आहे ते कळते. समजा पुण्याच्या नोंदीत हे अंतर १५ सेकंद आले आणि मुंबईच्या नोंदीत २५. पुण्याभोवती १२६ किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा, मुंबईभोवती २१० चे. ती दोन ठिकाणी छेदतात. एक छेद कोयनानगराजवळ पडतो. दुसरा पडतो अहिल्यानगराजवळ. कुठला खरा? वर्गाला इथे थांबवावे आणि वाद घालू द्यावा. कुणी म्हणेल कोयना, कारण तिथे भूकंप होतात. कुणी विचारेल, पण हा कोयनेचाच कशावरून? मग पणजीची नोंद द्यावी. तिथे २५ सेकंद आले तर केंद्र कोयनेचे. अहिल्यानगरचे असते तर पणजीला पन्नास सेकंदांच्या आसपास अंतर पडले असते. तिसरे वेधकेंद्र का लागते हे त्या वर्गातल्या मुलाला पुन्हा कधी सांगावे लागणार नाही.

हे कागद, कंपास आणि फूटपट्टीवरही होते, आणि व्हावे. संगणकाचे काम एवढेच की खरे भूकंपालेख तो क्षणात समोर आणतो, चूक केली तर लगेच पुन्हा करू देतो, आणि एक नोंद झाली की दहा आणखी देतो. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या लॉस एंजेलिस शाखेच्या 'व्हर्च्युअल अर्थक्वेक' या साधनात १९९०च्या दशकातच विद्यार्थ्याला याच पद्धतीने केंद्र आणि महत्ता काढायला लावत. दिसायला ते साधे होते. शिकवण्याच्या दृष्टीने ते आजच्या अनेक चकचकीत साधनांच्या पुढे होते.

खऱ्या नोंदींचा आणखी एक गुण आहे, आणि चलचित्रात तो असूच शकत नाही. नोंदींत उणिवा असतात, आणि त्या उणिवा शिकवतात. जगाच्या नकाशावर पालघर जिल्हा उघडला तर एखाद-दुसरा ठिपका दिसेल किंवा काहीच दिसणार नाही. पण डहाणू आणि तलासरी भागात, धुंदलवाडीच्या आसपास, नोव्हेंबर २०१८ पासून हजारो लहान धक्के बसले. लोक रात्री अंगणात झोपत होते. मग ते नकाशावर का नाहीत? कारण जागतिक याद्यांत जगाच्या बहुतेक भागांतले साधारण साडेचार महत्तेच्या खालचे भूकंप पुरतेपणी येतच नाहीत. लहान धक्के पकडायला जवळ यंत्रे लागतात, आणि आपल्याकडे त्यासाठी राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राची यादी पाहावी लागते. ठिपका नाही याचा अर्थ भूकंप नाही असा होत नाही, हे ज्याला एकदा उमगले तो पुढे कुठल्याही नकाशाला 'हा कुणी, कशाच्या आधारे काढला' असे विचारल्याशिवाय राहणार नाही.

पालघर आणि कोयना या दोन्ही ठिकाणी लोक एक गोष्ट विश्वासाने सांगतात. छोटे धक्के बसतात ते बरेच, ताण हळूहळू मोकळा होतो आणि मोठा भूकंप टळतो. खूप समंजस माणसेही हे बोलतात. यादी हातात असलेली नववीतली मुलगी याचा निकाल एका तासात लावू शकते. महत्ता एकाने वाढली की ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते, म्हणजे दोनने वाढली की जवळजवळ हजार पट. सहा महत्तेच्या एका भूकंपाएवढी ऊर्जा मोकळी व्हायला चार महत्तेचे हजार भूकंप लागतील. आता यादीत मोजायला लावा. महत्ता एकाने कमी झाली की संख्या साधारण दसपट होते, हा गुटेनबर्ग आणि रिश्टर यांचा नियम तिला तिथे स्वतःच सापडेल. म्हणजे सहाच्या एका भूकंपामागे चारचे शंभरेक असतात, हजार नव्हेत. हिशेब जुळत नाही. धीर देणारी ही समजूत तिच्यापुरती तरी तिथे संपते.

कोयनेइतकी तर सोय जगात फार थोड्या ठिकाणी असेल. १९६७ पासून त्या परिसरात पाच किंवा त्याहून अधिक महत्तेचे वीसहून अधिक भूकंप झाले आहेत. ते सारे सुमारे ३० बाय २० किलोमीटरच्या पट्ट्यात, बहुतेक दहा किलोमीटरच्या आतल्या खोलीवर. पावसाळ्यात जलाशय भरल्यावर हालचाल वाढते हे संशोधकांनी दाखवले आहे. भूकंपाची यंत्रणा जागेवरच तपासावी म्हणून पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कराडला प्रयोगशाळा उभारली, आणि २०१७ मध्ये गोठणे इथे तीन किलोमीटर खोल विवर पुरे झाले. दख्खनच्या बेसाल्टची जाडी तिथे किलोमीटरच्या थोडी वर निघाली, त्याखाली जुना ग्रॅनाइटी खडक. भूकंप होतात ते त्या खडकात. धरणाच्या भिंतीत बसवलेल्या यंत्राने १९६७ चा धक्का टिपला, आणि ती नोंद आज जगभरचे स्थापत्य अभियंते वापरतात. अबॅकस या विख्यात सॉफ्टवेअरच्या उदाहरणांत धरणाच्या भूकंपी विश्लेषणासाठी घेतलेले धरण कोयनेचे आहे. परदेशातला पदव्युत्तर विद्यार्थी कोयनेच्या नोंदीवर शिकतो, आणि साताऱ्याचा विद्यार्थी पडद्यावर कुठल्या तरी काल्पनिक खंडांची टक्कर पाहतो.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप असा की खऱ्या नोंदी मुलांना रुक्ष वाटतील. माझा अनुभव वेगळा आहे. आपल्या तालुक्याचे नाव ज्या यादीत आहे ती यादी मुलांना रुक्ष वाटत नाही. दुसरा आक्षेप शिक्षकांच्या तयारीचा, आणि तो खरा आहे. चलचित्र लावायला तयारी लागत नाही, वादाला लागते. पण मग पैसा आणि प्रशिक्षण तिथे खर्च व्हायला हवेत, बोर्ड घेण्यात नव्हे. तिसरा आक्षेप इंटरनेटचा. भूकंपांची यादी ही काही मोठी चीज नाही. एकदा उतरवून घेतली की वर्षभर पुरते, फोनवर उघडते, छापून भिंतीवर लावता येते. रंगीत सिम्युलेशनला मात्र जोडणी आणि भारी यंत्र दोन्ही लागतात. जिल्हा परिषदेच्या शाळेचा कैवार घ्यायचा असेल तर तो नोंदींच्याच बाजूने घ्यावा लागेल.

चौथा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. नुसत्या ठिपक्यांतून कारण कळत नाही. ठिपके रांगेत आहेत हे दिसले, पण का, हे सांगायला प्रतिमान हवेच. बरोबर आहे. थार्पच्या टेबलावरचे दोन कागद पुरेसे असते तर हीझनला पटायला वेळ लागला नसता, आणि सगळ्या जगाला पटायला आणखी पंधरा वर्षे लागली नसती. म्हणून प्रतिमानाला मी हद्दपार करत नाही. त्याची पाळी नंतर येते, एवढेच म्हणतो. टेक्टॉनिक एक्स्प्लोररसारख्या साधनात मूल स्वतः खंड आखते, पट्टांना दिशा देते, आणि भूकंप कुठे उमटतात ते पाहते. आधी खऱ्या ठिपक्यांनी ज्याला कोड्यात टाकले आहे त्याच्या हातात असे साधन पडले तर तो त्याची परीक्षा घेतो. जपानचा उतार यात येतो का? हिंदुकुश येतो का? किल्लारी येते का? किल्लारी येत नाही. प्रतिमान कुठवर खरे आणि कुठे अपुरे, हे ओळखणे हीच विज्ञानाची शिकवण, आणि ती नोंद आधी व प्रतिमान नंतर या क्रमानेच मिळते. क्रम उलटा झाला की प्रतिमान हेच सत्य ठरते आणि किल्लारी हा अपवाद.

यासाठी नवे साधन बांधायची फार गरज नाही. गरज आहे ती असलेल्या नोंदी शाळेच्या भाषेत आणण्याची. कोयना-वारणा, किल्लारी आणि पालघर यांच्या भूकंपयाद्या मराठी शीर्षकांसह, गावांची नावे देवनागरीत लिहून, तालुक्याच्या सीमा दाखवणाऱ्या नकाशासोबत मोकळ्या उपलब्ध करून द्याव्यात, अशी राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राला आणि पाठ्यपुस्तके करणाऱ्यांना माझी विनंती आहे. पुणे, मुंबई आणि पणजी या तीन ठिकाणांचे एकाच भूकंपाचे खरे आलेख प्रत्येक भूगोलाच्या पुस्तकात छापावेत. शिक्षकांनी मात्र त्यासाठी थांबू नये. येत्या सत्रात भूकंपाचा धडा येईल तेव्हा चलचित्र लगेच लावू नका. गेल्या वर्षभरात महाराष्ट्रात नोंदलेल्या भूकंपांची यादी उघडा, मुलांच्या हाती कोरा नकाशा द्या, ठिपके त्यांना मांडू द्या, आणि प्रश्न संपले की मग चलचित्र दाखवा.